साठचा फिल्टर, पन्नासची वीज

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही आणि कौतुक करून घ्यायलाही सांगत नाही. वडिलांचं गोव्यात, पेडण्याला, पंपाच्या मोटारींचं वायंडिंग करायचं दुकान आहे. मेंदूचा डेटा वाचायला मी तिथल्याच टेबलावर शिकले, कारण नेट तिथेच धड मिळायचं.

कोर्स ऑनलाइन आणि फुकट. पायथनमधली साधनंही फुकट, कोडसकट सगळ्यांना उघडी. उंदराच्या मेंदूतल्या पेशींची विजेची नोंद आम्हाला दिली होती, आपल्याच देशातल्या एका प्रयोगशाळेत घेतलेली. चौघांचा गट. गटप्रमुख पुण्याचा, पीएचडी करणारा. त्याचं शिफारसपत्र मिळालं तरच एका प्रयोगशाळेत उन्हाळ्यात काम मिळायची आशा होती. ते काम मला हवं होतं. फार हवं होतं.

शेवटच्या आठवड्यात आलेखावर पन्नास हर्ट्झला एक सुळका उभा राहिला. गट नाचायलाच लागला. मेंदूची नवी लय सापडली! सादरीकरण मी करायचं ठरलं.

मला तो सुळका खटकत होता. फार सरळ, फार बारीक. उंदीर झोपला काय, जागा झाला काय, हा जागचा हलत नव्हता. कोड उघडून पाहिला. नोंदीत घुसणारी लाइनीच्या विजेची घरघर काढायला धड्यात जो फिल्टर होता, तो साठ हर्ट्झचा. धडा अमेरिकेतला; तिथली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. आम्ही तो जसाच्या तसा उचलला होता.

साठ-पन्नासचा हा फरक मला पुस्तकाने शिकवलेला नाही. मांद्र्याच्या गेस्टहाऊसमधल्या एका अमेरिकन बाईने तिकडचा रेकॉर्ड प्लेअर दुकानात आणला होता. ट्रान्सफॉर्मर लावूनही गाणं म्हशीने म्हटल्यासारखं निघायचं. वडील तबकडीकडे बघत मला म्हणाले, "बाय, हें साठ सायकलीचें. आमची लायन पन्नासाची. मंदच चलतलें."

मीटिंगमध्ये मी सांगून टाकलं, ही लय नाही, लाइट आहे.

"अगं, हा कोड जगभर वापरतात," गटप्रमुख म्हणाला. "तुझं कॉलेज कुठलं म्हणालीस?"

"कॉलेज सोडा. कवटीबाहेरच्या तारेची नोंद बघा."

तुलनेसाठी अशी एक तार ठेवलेली होती. तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. मी तिचा आलेख पडद्यावर आणला. तोच सुळका, पन्नासलाच.

"ही तार मेंदूत गेलेलीच नाही. हिला लय कुठून आली?"

बाकीचे दोघे हसले आणि लगेच माईक बंद करून बसले. गटप्रमुख हसला नाही. "शक्यता म्हणून ठेवू ना. परवा सादरीकरण आहे. सगळ्यांच्या मेहनतीचा प्रश्न आहे."

"मग बोलायला दुसरं कुणी बघा."

"पत्राचा विचार केलायस?"

केला होता. शेजारी वडील तांब्याची तार गुंडाळत होते, त्यांच्या कानावर सगळं पडत होतं. त्यांना विचारावं असं मला वाटलं नाही.

दुसरं कुणी पुढे आलं नाही, तेव्हा बोलले मीच. दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले आणि सरळ सांगितलं, आमच्या हाती नवं काही लागलेलं नाही, लागल्यासारखं वाटलं ती आमची चूक. पत्र आलं नाही.

त्या धड्याचा कोड उघडा आहे म्हणजे त्यात दुरुस्ती कुणीही सुचवू शकतं. मी सुचवली: आकडा गृहीत धरू नका, नोंद कुठल्या देशातली ते आधी विचारा. तसा कोडही लिहून दिला. तो कोड सांभाळणाऱ्या अनोळखी माणसाने दोन प्रश्न विचारले, कॉलेजबद्दल एकही नाही, आणि बदल घेतला.

प्रयोगशाळेच्या फॉर्मवर शिफारशीचा रकाना होता. तिथे मी त्या बदलाची लिंक टाकली. चार दिवसांनी मेल आला: शिफारसपत्र जोडायचं राहिलं आहे.

मी उत्तर पाठवलं: राहिलेलं नाही. लिंक उघडा.