प्लग टेबलावर होता

या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचत आलो, ते खरं सांगायचं तर चुका काढायला. कोणाचा रेडिओ आपोआप लागतो, कोणाचा बंद पंखा फिरतो… मी मनात म्हणायचो, लूज कनेक्शन असणार. माझं कामच तसं होतं. सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये मी असिस्टंट होतो. घरात देव्हारा होता, पण तो आईचा आणि नंतर बायकोचा. माझा विश्वास मीटरवर. काटा हलला तर करंट आहे, नाही हलला तर नाही. विषय संपला.

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितोय. नावं तेवढी बदलली आहेत.

माझा थोरला भाऊ विलास — आमचा दादा — साताऱ्यात राहायचा आणि तिथल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. जत्रा असो, गणपती असो, ऑर्केस्ट्रा म्हटला की मैदान भरायचं. बाकीच्यांकडे ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर, दादाकडे मात्र व्हॉल्व्हचा. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात पूर्वी गोव्याचा बँड वाजवायचा, त्यांचा तो विलायती ॲम्प अडगळीत पडून होता. कंपनीचं नाव झिजून गेलेलं, मागच्या फळीला वाळवी. दादाने तो स्ट्रॉबेरीच्या टेंपोतून खाली आणला आणि तिथून थेट माझ्याकडे सांगलीला.

आम्ही दोघांनी तो चार-पाच रविवार खपून उभा केला. ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घेतला, व्हॉल्व्ह मुंबईहून मागवले. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या छोट्या बाटल्याच. तापल्या की आत नारिंगी उजेड पडतो, मग आवाज फुटतो. पण काय आवाज! दादा म्हणायचा, "ट्रान्झिस्टर नुसता बोलतोय रं, ह्यो डबा गातोय." त्या डब्यात चारशे व्होल्ट खेळतात, म्हणून अर्थिंगची वायर मी स्वतः, दोनदा सोल्डरिंगचा डाग देऊन जोडली होती.

ऑर्केस्ट्राचा मालक जयवंत. मुख्य गायकही तोच. आवाज चांगला होता, नाही कशाला म्हणू. गाण्याकडे वळण्याआधी त्याने वायरमनचा कोर्स केला होता, त्यामुळे स्टेजवरच्या वायरींना तो दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. आपली प्रत्येक वायर ओळखू यावी म्हणून तिच्या टोकाला लाल टेप गुंडाळायचा.

दादाने त्याला सांगितलं होतं, की हा सीझन झाला की मी वेगळा ग्रुप काढतोय. जयवंतचे तीन वादक दादाबरोबर निघायच्या तयारीत होते. त्या दिवसापासून जयवंत त्याच्याशी नीट बोलेना.

मग मेढ्याच्या जत्रेचा कार्यक्रम आला. मेढा हे वहिनीचं माहेर, म्हणून तीही आपल्या आईला घेऊन दुपारपासूनच पुढच्या रांगेत येऊन बसली होती. दुपारी साउंड टेस्टिंगला दादाच्या डब्यातून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. दादा म्हणाला, आत काहीतरी गळतंय, आज हा नको, दुसऱ्यावर वाजवतो. जयवंत म्हणाला, "तू च्या पिऊन ये, मी बघतो." दादा परत आला तेव्हा घूं थांबलेली होती.

साडेसहाला पहिलं गाणं. दादा गिटारच्या तारा धरून माइकशी गेला, लोकांना नमस्कार म्हणायला. ओठ माइकला टेकले… आणि तो ताठ झाला. ओरडलाही नाही. तसाच उभा राहिला आणि मग आडवा पडला. लोकांना वाटलं ही काहीतरी ॲक्टिंग. काहींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वहिनीने ऐकल्या आहेत.

जयवंतने गावभर सांगितलं, विलास पिऊन आला होता, काय धरतोय त्याचं भान नव्हतं. माझा दादा सुपारीसुद्धा खायचा नाही.

वहिनी पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती. "भावजी, मी बघितलंय. ह्ये च्या प्यायला गेले, तवा त्यो पक्कड घिऊन डब्यामागं बसलावता." सगळे म्हणाले, धक्का बसलाय तिला. लाज वाटते लिहायला, पण मीही तेच म्हणालो.

तेराव्यानंतर जयवंतने डबा साताऱ्याच्या घरी पाठवून दिला. मी तो सांगलीला आणून उघडला. मी जोडलेली अर्थची वायर पकडीने साफ तोडलेली होती आणि तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळलेला होता.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आतला एक कंडेन्सर खराब होऊन करंट गळत होता, घूं त्याचीच होती. गळलेला करंट अर्थच्या वायरीतून जमिनीत जात होता, म्हणून माणसं वाचत होती. ती वायर तोडली की घूं थांबते, पण करंट लोखंडी सांगाड्यावर थांबतो आणि तिथून गिटारच्या तारांवर येतो. वायरमनचा कोर्स केलेल्या माणसाला हे माहीत नसेल?

ओळखीच्या वकिलांना टेप दाखवला. ते म्हणाले, "डबा आता तुमच्या ताब्यात आहे. टेप तुम्हीच लावला असं ते म्हणतील." मी घरी येऊन वहिनीच्या पाया पडलो. ती एवढंच म्हणाली, "आता पटलं व्हय?"

पुढे वहिनी आमच्याकडे सांगलीलाच राहायला आली. शिवणकाम करायची. फार बोलायची नाही.

वर्ष होत आलं आणि एके दिवशी जयवंत आमच्या दारात. हातात कंदी पेढ्यांचा पुडा!

"विलासच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम ठेवलाय," तो खुर्चीत बसत म्हणाला. "वहिनींचा स्टेजवर सत्कार करू. साडी, नारळ सगळं. आणि विलासचाच डबा वाजू दे. तू नीट करून दे तेवढा. लोक रडली पायजेत गड्या."

तो गेल्यावर वहिनी आतून आली, पेढ्यांचा पुडा उचलला आणि बाहेर जाऊन गटारात टाकला. परत येऊन म्हणाली, "द्या त्याला डबा."

"वहिनी…"

"तसाच द्या. वायर जोडू नका."

मी तिला वेड्यात काढलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. चार दिवस मी त्याच विचारात होतो. नुसती वायर तुटलेली ठेवणं मला कमी वाटत होतं. ट्रान्सफॉर्मरची एक वायर मी सरळ सांगाड्यावर आणली आणि डाग दिला. बसून त्या डागाकडे बघत राहिलो आणि जयवंतचं तोंड डोळ्यासमोर आणत राहिलो. फार बरं वाटत होतं.

मग लक्षात आलं, गिटार जयवंतच्या हातात नसणार. दादाच्या जागी आता जतचे एक शिक्षक वाजवत होते, दोन मुलींचे वडील. मी डाग सोडवला. कंडेन्सर नवा घातला, अर्थ नव्याने जोडली, सगळं तीन-तीनदा तपासलं. वहिनीला कारण सांगितलं.

"म्हंजे मारणाऱ्याला तुमी नीट करून देणार," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी ती डब्याजवळ आली. त्याच्या वरच्या कापडावर हात ठेवला आणि मला नाही, डब्याला म्हणाली, "आवं, भावजींच्यानं काय व्हायचं न्हाई. तुमीच बघा आता."

साताऱ्याच्या एका हॉलवर आम्ही रविवारी अकराच्या सुमाराला रिहर्सलला जमलो. लख्ख ऊन, खिडक्या उघड्या, सात-आठ माणसं. जतचे मास्तर तासभर वाजवत होते. आवाज असा, की मला तिथे बसवेना. मी गिटारच्या तारा आणि माइक यांच्यामध्ये मीटर लावून बघितला. शून्य. मास्तरांनी माइकवर बोलून बघितलं, ढोलकीवाल्याने बघितलं, मी बघितलं. काही नाही.

जयवंतने माइक धरला आणि हात झटकला. "आयला! करंट मारतोय की!"

मी मीटर लावला. शून्य. माइक बदलला. मास्तरांनी धरला, ठीक. जयवंतने धरला, परत झटका, आणि या वेळी मोठा. माइक खाली पडला. कोणीतरी हसलं. जयवंत लाल झाला.

"तू काहीतरी करून ठिवलंयस ह्यात," तो माझ्यावर धावला. "उघड! आत्ता सगळ्यांसमोर उघड!"

म्हटलं ठीक. मी प्लग काढला आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. मागची फळी काढली. व्हॉल्व्ह एकेक करून उपसले आणि वर्तमानपत्रावर मांडले. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेही स्क्रूड्रायव्हर टेकवून मोकळे केले. मीटर लावला, मास्तरांना काटा दाखवला. शून्य. त्या क्षणी तो डबा म्हणजे लोखंड, लाकूड आणि तांबं होतं, दुसरं काही नाही.

जयवंत गुडघ्यावर बसला आणि आत वाकला. दुसरीकडे कुठे बघितलं नाही, थेट अर्थच्या वायरीकडे. जिथे तोडली होती बरोबर तिथे त्याने बोट लावलं. कुठे तोडली होती हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

आणि स्पीकरमधून आवाज आला. घूंऽऽऽ…

आधी बारीक, मग चढत गेला. खिडकीची तावदानं थरथरायला लागली. मी टेबलाकडे बघितलं — प्लग तिथेच पडला होता. व्हॉल्व्ह वर्तमानपत्रावर. मास्तरही तिकडेच बघत होते, त्यांच्या तोंडाचा आ झालेला.

जयवंतचा हात निघेना. करंट धरून ठेवतो तशी बोटं वायरीवर आवळली गेली होती, खांदा उडत होता, मान मागे. मग तो ओरडायला लागला.

"सोड! विलास, सोड रं! तोडली… मीच तोडली! मला म्हाईत व्हतं! सोड!"

आवाज थांबला. कोणी स्विच बंद केल्यासारखा नाही. व्हॉल्व्ह थंड होताना विरतो तसा, हळूहळू. जयवंतचा हात सुटला आणि तो मागे पडला. ढोलकीवाल्याने आपलं सामान उचललं आणि तो बाहेर गेला. त्याच्यामागे बाकीचे.

जयवंत मेला नाही. नंतर त्याने सांगितलं, की झटक्यात मी काय बोललो मला आठवत नाही, आणि कायद्याने त्याचं काही झालं नाही. पण सात-आठ जणांनी ऐकलं होतं, आणि साताऱ्यापासून मेढ्यापर्यंत गोष्ट पसरायला आठवडा पुरला. कार्यक्रम झाला नाही. त्यानंतर त्याला माइक धरता येईना. कुठलाच. सेलवरचा, शाळेतल्या गॅदरिंगचा, बंद पडलेलासुद्धा. धरला की ओरडून टाकून द्यायचा. दोन-तीन डॉक्टर झाले. ऑर्केस्ट्रा मोडला. पुढे तो कुठे तरी सासरवाडीला जाऊन राहिला असं कानावर आलं.

मी त्या दिवशी सांगलीला परत आलो तेव्हा वहिनी मशीनवर बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं नाही.

"वरडला का?"

"हो."

"लय?"

"लय ओरडला वहिनी."

"बरं झालं," म्हणाली आणि दोरा तोडला.

नंतर मी तो डबा कितीदा तरी उघडला. कॉलेजातल्या सरांना नावं न सांगता विचारलं, विनाप्लग, विनाव्हॉल्व्ह ॲम्प वाजेल का? ते हसले. स्पीकरने कुठलं तरी स्टेशन पकडलं असेल, हॉलच्या वायरिंगमध्ये गळती असेल, हेही तपासून झालं. माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी सांगावं, मी वाद घालणार नाही.

एक गोष्ट मात्र मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, वहिनीलाही नाही. जयवंत वायरीला चिकटला तेव्हा मी सवयीने सांगाड्याला हाताची मागची बाजू लावून बघितली होती. थंड लोखंड. हाताला साध्या मुंग्यासुद्धा आल्या नाहीत. म्हणजे मी त्याचा हात धरून सहज ओढू शकलो असतो, मला काही झालं नसतं. मी माझा हात काढून घेतला आणि उभा राहिलो. तो कबूल करेपर्यंत वाट बघत होतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण त्याने कबूल केलं, तरी मी हललो नव्हतो. आवाज थांबला, तो आपला आपण.