मडमेच्या सरूला बांधलेली गळती

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. ताक पातळ लागलं तर मी गवळ्याकडे बघत नाही, आधी बायकोकडे बघतो. दुकानदाराने हसून या म्हटलं की मी पुढच्या दुकानात जातो. कापसाच्या तेजीच्या वर्षांत तर मला या स्वभावाचा अभिमानच वाटायचा. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाचा कापूस हवा होता, आणि लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या होत्या. विकणारा कापसावर पाणी शिंपडून वजन वाढवायचा, घेणारा गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून ओल शोधायचा. सगळा मुलूखच एकमेकांकडे तिरप्या नजरेने बघत होता, त्यात मी काही वेगळा दिसत नव्हतो.

आम्ही अचलपूरकडचे माळी. मळा मोठ्या भावाकडे राहिला आणि मी अकोल्याला कापूस खरेदी करणाऱ्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बागेच्या कामाला लागलो. मागच्या अंगाला, तबेल्याच्या पलीकडे आम्हा नवराबायकोला एक खोली मिळाली होती. साहेब बोलायचा कमी. त्याची बायको, जिला आम्ही सगळे मडम म्हणायचो, ती मोडक्या हिंदुस्थानीत सगळ्यांशी बोलायची, चुकलं तर स्वतःच हसायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिने अमरावतीहून बैलगाडीने एक सरूचं झाड आणवलं. अर्ध्या कापलेल्या लाकडी पिंपात लावलेलं, माझ्या छातीइतकं उंच, हिरवंगार. बडा दिन आला की तिच्या मुलखात घरात जिवंत झाड उभं करतात, त्यावर मेणबत्त्या लावतात, भेटी टांगतात, असं तिने मला समजावलं. सण झाला की ती तेच झाड अंगणात लावणार होती. बडा दिन यायला अजून महिना होता, पण तिला ते तेव्हापासूनच दिवाणखान्यात हवं होतं. मला वाटलं, घरात झाड ठेवण्यामागे नक्की काहीतरी वेगळं असणार. चार दिवस मी लक्ष ठेवलं. तिथे बसून ती फक्त पत्रं लिहायची.

साहेबाने मात्र मला आणि भिस्त्याला एकत्र बोलावून सांगितलं की झाड सुकलं तर दोघांपैकी एक जण जाईल. पाणी वाईट निघालं तर भिस्ती, हात वाईट निघाला तर माळी. एवढंच बोलून तो कचेरीत गेला.

भिस्ती म्हणजे पखालीतून पाणी आणणारा म्हातारा. त्याच्याकडे एक बैल, बैलाच्या पाठीवर चामड्याची पखाल. बंगल्याच्या आवारातली विहीर मचूळ होती. त्या पाण्याने घोडे धुवावेत, दुसरं काही करू नये. गोड्या पाण्याची विहीर पाऊण कोसावर, नदीपलीकडे. भिस्ती सकाळी पहिली खेप पिण्याच्या पाण्याची आणायचा आणि दुसरी खेप माझ्या झाडांची.

पिंपात घागर ओतली की पाणी खालच्या भोकातून निघून सतरंजीवर ओघळायचं. दुसऱ्याच दिवशी सतरंजी वाचव म्हणून मडमेने हात जोडले. मग मी पिंपाचं भोक चिंध्यांनी बुजवलं आणि गळती बांधायचं ठरवलं. आमच्या गावात वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती बांधायचा मान आमच्या घराण्याचा. मडक्याच्या बुडाला भोक पाडायचं, त्यात कापडाची वात बसवायची, वात घट्ट बसवली की थेंब सावकाश पडतो, सैल केली की भरभर. माझ्या हातची गळती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एका चालीने चालते. तीच मी मडमेच्या झाडावर बांधली. तीन बांबू वर एकत्र बांधले, मध्ये मडकं लटकवलं आणि मनातल्या मनात महादेवाची माफी मागितली. मडमेला ती इतकी आवडली की तिने मडक्याला लाल फडकं गुंडाळलं.

मडकं मी आमच्याच खोलीमागून उचललं होतं. तेजीत सगळ्यांसारखी माझी बायकोही बिघडली होती, तिने बाजारातून चिनी मातीची बरणी आणली होती आणि एक जुनं, चांगलं भाजलेलं मडकं बाहेर टाकून दिलं होतं. नव्या मडक्याला पाझर फार सुटतो, जुनं बरं. चांगली वस्तू फेकून देते म्हणून मी दोन दिवस धुसफुसलो, मडकं खळखळून विसळलं आणि घेऊन गेलो.

बारा-तेरा दिवस झाड छान होतं. मग खालच्या फांद्यांची टोकं पिवळी पडली, मग तपकिरी. पिंपातल्या मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं. बोटाने खरवडलं तर ती बुरशी नव्हती, क्षार होता. लाल फडकं सोडून पाहिलं तर मडक्याच्या पोटावरही तोच पांढरा थर. मला तिथल्या तिथे सगळं कळलं. म्हणजे कळलं असं मला वाटलं. भिस्ती दुसऱ्या खेपेला नदीपलीकडे जातच नव्हता. आवारातल्या मचूळ विहिरीवर पखाल भरून आणत होता.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर पाळत ठेवली. एकदा तो दुसऱ्या खेपेहून फार लवकर परतला. एकदा बैलाच्या पायांना नदीचा चिखल दिसला नाही. एकदा मी समोर आलो तर त्याने मान खाली घातली. हे सगळं मी मनात नीट मांडून ठेवलं. नंतर कधीतरी कळलं की कापसाच्या गाड्यांसाठी नदीत दगड टाकून नवा उतार केला होता, त्यामुळे वाट जवळचीही झाली होती आणि कोरडीही. मान खाली घालण्याचं कारण मात्र कळलं नाही. कदाचित मी ज्या नजरेने त्याच्याकडे बघत होतो, तिच्यापुढे कोणीही मान खाली घातली असती.

शेवटी मी त्याला तबेल्यापाशी अडवलं.

“हे पानी कोन्या विहिरीचं व्हय?” मी विचारलं.

“नदीपल्याडचं. रोजचंच.”

“मंग झाड काहून सुकून राहिलं?”

त्याने शांतपणे पखालीचं तोंड सैल केलं आणि थोडं पाणी ओघळू दिलं. “माळीदादा, चाखून पाहा. खारं असन तर मी आजच जातो.”

मी दोन पावलं मागे सरलो. पखालीचं पाणी, तेही भिस्त्याच्या हातचं, आमच्या जातीत कोणी तोंडाला लावत नव्हतं. झाडाला घालायला हरकत नव्हती, जिभेला नव्हतं चालत. हे त्यालाही माहीत होतं. आणि माझ्या डोक्यात लगेच आलं की मी चाखणार नाही हे माहीत आहे म्हणूनच तो चाख म्हणतोय. किती पक्का आहे बघा. बंगल्यातल्या खानसाम्याला चाखायला लावावं असंही मनात आलं, पण खानसामाही त्याच्यासारखाच मुसलमान, तो खरं सांगेल कशावरून?

त्याच दुपारी मी मडमेला मातीवरचा आणि मडक्यावरचा क्षार दाखवला. तिला फार वाईट वाटलं, म्हणाली, म्हातारा आहे, एकदा माफ करू. साहेबाने ऐकलं नाही. संध्याकाळच्या आत भिस्ती आपला बैल घेऊन फाटकाबाहेर गेला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझी नोकरी वाचली होती. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसरा भिस्ती मिळेपर्यंत झाडाचं पाणी मी स्वतः आणायचं ठरवलं. दुसऱ्यावर विश्वास टाकायचाच कशाला? रोज सकाळी नदीपलीकडे जाऊन माझ्या हाताने, माझ्या घागरीने भरून आणायचो. तीन दिवस झाले, पाच झाले. झाड सुधारेना. उलट मधल्या फांद्याही पिवळ्या पडू लागल्या. बडा दिन पाच दिवसांवर आला होता. मडम झाडाकडे बघायची आणि आत जायची.

मी घागरीतलं पाणी प्यालो. गोड. विहिरीत कोणी काही टाकलं असेल ही शंका गेली. मग मी गळतीखाली बोट धरलं. थेंब बोटावर पडला आणि मी तो चाटला. त्याच मडक्यात भिस्त्याच्या पखालीचं पाणी आठवडेच्या आठवडे राहिलं होतं, हे चाटल्यावर आठवलं. पण तोवर जिभेला लागलं होतं. खारट. भाजीत मीठ दोनदा पडावं तसं खारट.

मी मडकं उतरवून तसंच घरी नेलं आणि बायकोपुढे ठेवलं.

“हे कायचं मडकं व्हय वं?”

ती तांदूळ निवडत होती. तिने वर बघून सांगितलं, “मिठाचं. तुमच्या मायच्या वक्तापासून त्यात मीठच असे. बरनी आनली तवा म्या बाहेर टाकलं. आतून पोपडे सुटून राहिले होते त्याले.”

“मले सांगतलं काहून नाई?”

“तुमी इचारलं कवा? म्या तर चार दिवस शेजारनीवर आळ घेतला का मडकं तिनंच नेलं म्हनून.”

एरवी मी हसलो असतो. आता मी मडक्यात हात घालून आतले पोपडे चाचपले. किती वर्षं त्या मातीत मीठ मुरलं होतं कोण जाणे. ते थेंबाथेंबाने मीच झाडाला पाजलं होतं, आणि पिंपाचं भोकही मीच बुजवलेलं, म्हणून ते बाहेर जायलाही वाट नव्हती. साहेबाने सांगितलं होतं, हात वाईट निघाला तर माळी. हात माझाच वाईट निघाला होता, आणि घालवला मी म्हाताऱ्याला.

मडमेला मी म्हणालो की झाडाला ऊन दाखवायला हवं. पिंप बाहेर काढलं, चिंध्या उपसल्या आणि दोन दिवस घागरीमागून घागर ओतत माती धुऊन काढली. कुंभाराकडून नवं मडकं आणून पुन्हा गळती बांधली. झाड जगलं. खालच्या फांद्या गेल्या, मधे विरळ झालं, पण शेंडा हिरवा राहिला आणि उघड्या जागा मडमेने रंगीत कागदाच्या माळांनी झाकल्या.

बड्या दिवशी सगळ्या नोकरांना दिवाणखान्यात बोलावलं. झाडावर कागदात बांधलेल्या पुड्या लटकत होत्या. मडमेने एकेक पुडी काढून ज्याची त्याला दिली. मला लोकरीचा गुलूबंद मिळाला. सगळ्यांना देऊन झालं तरी एक पुडी फांदीवर उरली. मडम तिच्याकडे बघत राहिली. मग ती काढून तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली की ही भिस्त्याची आहे, आधीच बांधून ठेवली होती, कुठे भेटला तर द्या. त्याच वेळी सगळं सांगता आलं असतं. साहेबही समोर उभा होता, खुशीत होता. माझ्या तोंडातून निघालं, “जी.”

भिस्त्याला शोधायला फार फिरावं लागलं नाही. आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंत आली नव्हती, गावाबाहेर तिच्यासाठी मातीचे भराव पडत होते. तिथल्या मजुरांना तो पाणी पाजत होता. बैल खंगला होता. उन्हात दिवसभर उभं राहायचं काम, त्या वयात. मी पुडी पुढे केली. त्याने घेतली नाही.

“झाड कसं हाये?” त्याने विचारलं.

“जगलं.”

“मंग पानी कोन्या विहिरीचं घातलं?”

“तुमी आनत होते त्याच विहिरीचं.” मग मी सगळं सांगितलं. मडकं, मीठ, बायको. एका दमात सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुढचं बोललो नसतो. तो ऐकत राहिला, मधेच एका मजुराला पाणी पाजून आला.

“मडमेले सांगतलं?”

“नाई.”

त्याने मान हलवली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. मला त्याच्यासाठी काहीतरी करायचं होतं आणि जे करायला हवं होतं ते करायची छाती नव्हती. म्हणून मी खाली वाकलो आणि त्याच्यापुढे ओंजळ धरली.

“पाजा,” मी म्हणालो.

आजूबाजूच्या मजुरांत आमच्या जातीतले दोघे होते, ते फावडी थांबवून बघू लागले. भिस्त्याने पखालीच्या तोंडाला हात घातला, पण सोडलं नाही. तो माझ्या ओंजळीकडे बघत होता, मग माझ्या तोंडाकडे. ती नजर मी लगेच ओळखली. दुसऱ्या खेपेला मी त्याच्याकडे ज्या नजरेने बघायचो, तीच होती.

“आज काहून?” तो म्हणाला. “आज कायचा आळ घ्याले आले?”

मी ओंजळ तशीच धरून उभा राहिलो. शेवटी त्याने पाणी सोडलं. मी प्यालो. पाणी गोड होतं.

पुडी मी बैलाच्या पाठीवर ठेवून परतलो. जातीत त्या ओंजळीबद्दल पुढे बरंच बोलणं झालं, दंडही बसला, ते मी सोसलं. मडमेपुढे मात्र मी दुसऱ्या दिवशी उभा राहिलो, तिने विचारलं की म्हातारा भेटला का, मी फक्त भेटला म्हणालो, आणि सरू अंगणात कुठे लावायचा ते विचारून बाहेर आलो.