वाटणीतला पोर्टेबल टीव्ही

वाटण्या झाल्यापासून थोरला भाऊ माझ्या दुकानाची पायरी चढला नव्हता. जालन्यात माझं जुन्या सामानाचं दुकान आहे हे त्याला ठाऊक होतं, पण बाजाराला आला तरी तो पलीकडच्या रस्त्यानं जायचा. एक दिवस मात्र गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काखेत धरून तो सरळ आत आला आणि गिऱ्हाईक उभं राहतं तसा गल्ल्यासमोर उभा राहिला. गोणपाट सुटायच्या आधीच मी ओळखलं. माझा टीव्ही.

माझा, हे मी मुद्दाम लिहितोय. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये तापून लाल झालेल्या सळया चिमट्यानं ओढून जे पहिले पैसे हातात उरले, त्यातून मी तो घेतला होता. काळापांढरा, बारक्या पडद्याचा, वर उचलायला मूठ, लाईट नसली तर बॅटरीवर चालणारा. परतूरजवळच्या आष्टीला, गावातल्या घरी नेला तेव्हा आमच्या ओसरीत बसायला जागा पुरायची नाही. पुढे वाटण्या निघाल्या. भाऊ म्हणाला, घरात आलेली वस्तू घराची. मी म्हणालो, कमाई माझी. आवाज चढले, माझा जास्तच. शेवटी पंच कंटाळले आणि त्यांनी निवाडा दिला: घरातला टीव्ही घरात राहणाऱ्या थोरल्याला, छपरावरचा अँटेना बाहेर पडणाऱ्या धाकट्याला. शेत वाटलं, बैल वाटले, मग हेही बराबर वाटून टाकलं.

मी त्याच पावली छपरावर चढलो, पाइपासकट अँटेना उपसला आणि टेम्पोत टाकून जालन्याला आणला. भावानंही दुसरा अँटेना घेतला नाही. टीव्ही ज्वारीच्या पोत्यांमागे पडला. पुढे त्याच्याकडे रंगीत आला, तरी हा त्यानं ना विकला ना मला दिला.

आणि आता तो म्हणत होता, मोसंबीला राखण लागते, शेतातल्या आखाड्यावर, खोपीत, लाईट नाही, हा बॅटरीवर चालतो, तेवढा चालू करून दे.

"अँटेना?" मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"नवा घेतला," तो म्हणाला आणि बाहेर रस्त्याकडे बघू लागला.

खर्चा किती येईल, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, पैसे नको. चालू झाल्यावर न्यायला ये, तेव्हा काय द्यायचं ते सांगतो. तो हो म्हणाला. माझ्या मनात किंमत ठरून गेली होती. पंचांसमोर जे बोलला नाही ते त्यानं माझ्या दुकानात बोलायचं: टीव्ही तुझा.

त्या दिवसापासून मला बसवेना. दुकानाच्या एका कोपऱ्यात एक मेकॅनिक भाड्यानं बसायचा. त्यानं मागचं झाकण काढलं तर आत उंदरांचं घर. वायरी कुरतडलेल्या. पिक्चर ट्यूबच्या मानेतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडलेला, म्हणजे आत हवा शिरलेली. फेकून द्या शेठ, असं तो म्हणाला, आणि मी त्याच्यावर असा ओरडलो की समोरचा चहावाला बघायला आला. त्या मापाची ट्यूब आता कुठं मिळत नव्हती. मी औरंगाबादचे भंगारवाले पालथे घातले. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना माझं लक्ष ट्यूबमध्ये, आणि त्या नादात एक चांगला कूलर मी मातीमोल भावानं देऊन बसलो. असं मी कधी करत नाही.

शेवटी कळलं की भोकरदनकडे धावड्याला एका घरात तसलाच सेट आहे. गेलो. त्या घरच्या बाईनं त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घालून वर फुलदाणी ठेवली होती. माहेरचं आंदण आहे, विकायचं नाही, असं तिनं सांगितलं. मी रुमालाचं कौतुक केलं, चहा घेतला, उठून दारापर्यंत गेलो, परत आलो. शेवटी सौदा असा ठरला की आतली ट्यूब माझी, खोकं तिचंच, आणि वर तिला एक छताचा पंखा. फुलदाणी जागची हलली नाही तर बिघडलं कुठं, असं मी म्हणालो तेव्हा ती हसली.

ट्यूब बसली, तर पडद्यावर नुसती एक आडवी पांढरी रेघ. मेकॅनिक आयसी बदलत होता आणि मी त्याच्या मागे येरझाऱ्या घालत होतो. मग ती रेघ वरखाली फाकत गेली, पडदा भरला, आणि बातम्या सांगणारी बाई दिसली. मी लगेच आष्टीला फोन लावला.

भाऊ दुसऱ्याच दिवशी आला. टीव्ही चालू ठेवला होता. तो स्टुलावर टेकला, जरा वेळ बघत राहिला.

"आता सांग काय द्यायचं ते."

"तोंडानं म्हण, टीव्ही माझा आहे."

मला वाटलं होतं तो भडकेल. भडकला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुझाच हाय की," तो म्हणाला. "तूच घेतल्ता. मला का ठाव न्हाई?"

"मंग पंचासमोर का बोलला न्हाईस?"

"तू सगळं घेऊन चालल्ता. म्हणलं एक तरी वस्तू अडकवून ठेवावी. मागायला तरी येशील."

मेकॅनिकनं मान खाली घातली. भावानं टीव्ही बंद केला, गोणपाटात गुंडाळला, आणि दोरी मीच आवळून बांधून दिली. लाल वायर प्लसला लाव, एवढंच मी बोललो. तो परतूरच्या बसला गेला.

आयुष्यभर मी भाव करत आलो. समोरचा खरं बोलतोय की सौदा पटवतोय, हे मला त्याच्या मानेवरून कळतं. त्या दिवशी मात्र कळलं नाही. तो खरं बोलला असेल तर इतकी वर्षं मी कशाचा राग धरला? आणि खोटं बोलला असेल तर माझा टीव्ही एका वाक्यात फुकट घेऊन गेला. समोर बसून, डोळ्यात बघून पुन्हा विचारावं म्हणून मी किती वेळा आष्टीच्या रस्त्याला मोटारसायकल काढली. दर वेळी जालन्याबाहेरून परत फिरलो. आखाड्यावर मी दिसलो की तो म्हणणार, आलास का मागायला.