दोन किलोचं पार्सल

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसणारच तुम्ही, पण निदान चहा सांडू नका.

लग्नाला चार महिने झालेत. सासरी, हिंगणीत, माझी ख्याती काय? "सून बोलतच नाई बाप्पा!" अशी मी आयुष्यात पहिल्यांदा भांडले ती वर्ध्याच्या पोस्टात, भर रांगेत!

नणंदबाई जर्मनीत, दिवस भरत आलेले. सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली. बाळ आधी तिच्यातच गुंडाळायचं, असा हुकूम! ती वेळेत धाडायचं काम माझ्याकडे आलं. सासरचं पहिलं स्वतंत्र काम. मी व्हिडिओ पाहिले, यादी केली: गोधडी एक, झबली चार, टोपडी दोन. किराणा दुकानात तोलून आणलं. बरोब्बर दोन किलो. गोधडी फुगून खोक्याचं झाकण लागेना, म्हणून ती दाबून बसवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईत टेप लावली.

एसटीत खोकं जड लागलं. पण एसटीच्या गर्दीत स्वतःचे पायसुद्धा जड लागतात!

खिडकीतल्या मॅडमनी काट्याकडे पाहिलं. "साडेचार किलो."

"दोन आहे, मॅडम."

"काटा साडेचार सांगून राह्यला."

"मग काटा चुकतोय!" हा आवाज माझाच का? माझाच होता! "दोनाचं साडेचार कसं होतं? एसटीत पार्सल बाळंत झालं का?"

मागे गिरडचे एक काका उभे होते. त्यांना हेच हवं होतं. "बरोबर आहे पोरीचं! सरकारी काटा असाच राह्यते!"

रांग पेटली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, तुमच्या पिशवीतलं साखरेचं किलोचं पाकीट द्या." पाकीट काट्यावर गेलं. एक किलो. ना कमी, ना जास्त.

काकांनी पाकीट परत पिशवीत टाकलं. मग म्हणाले, "साखरवाल्यानंच कमी देलं असन."

मी तरी कुठे ऐकतेय? "उघडा खोकं! आत्ता! सगळ्यांसमोर!"

टेप कापली. झबली निघाली, टोपडी निघाली. मॅडमनी गोधडीची घडी उलगडली आणि आतून निघाला काळाभोर, गुळगुळीत, मिरचीचा वास मारणारा आमच्या पाट्यावरचा वरवंटा! झाकण लागावं म्हणून आदल्या दिवशी मीच गोधडीवर ठेवलेला. सकाळी घाईत गोधडीची टोकं त्याच्यावरच दुमडली आणि खोकं बंद केलं.

"काऊन वं पोरी," काकांनी पक्ष बदलला, "जर्मनीत दगड नाई भेटत का?"

मॅडमनी पेन उचललं. "यादीत काय लिहू? खेळणं?"

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "सूनबाई, आपला वरवंटा गेला! शेजारच्या शांताबाईनंच नेला. आत्ता तिच्या दारात जाऊन तिले चांगली सुनावून आली. तुले काई हे जमलं नसतं, तू पडली गरीब गाय!"

काका कान देऊन ऐकत होते.

गोधडी बाळाच्या आधी जर्मनीत पोचली. वरवंटा घरी पोचवणं जास्त अवघड गेलं, कारण वाटेत शांताबाईंचं दार होतं आणि दारात शांताबाई, सकाळच्या रागानं अजून लालच.

माझ्या फुगलेल्या पिशवीकडे बघून त्या म्हणाल्या, "काय वं, पार्सल वापस आलं का?"

मी नेहमीप्रमाणे काही बोलले नाही.