शनिवारचं अंडं

म्हैसूरबाहेर, येलवालच्या पुढे, हुणसूर रस्त्यापासून जरा आत, जखमी आणि पोरक्या प्राण्यांचं एक केंद्र आहे. तिथल्या स्वयंपाकघराचा कारभार माझ्याकडे. कोणाला काय आणि किती घालायचं हे मला तोंडपाठ, आणि त्याचा तोराही होता.

पाच वर्षांपूर्वी तिथं माकडाचं एक पिल्लू आलं, मादी. आई लॉरीखाली गेलेली. पिल्लाचं बाटलीचं दूध सुटलं तेव्हा डॉक्टर मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं, "काका, वाढतं अंग आहे. नुसत्या केळ्यांवर भागणार नाही. रोज उकडलेलं अंडं आणि भिजवून ठेचलेले हरभरे. फळं त्यानंतर." मॅडम सोलापूरकडच्या. म्हैसुरात आपल्या भाषेचा माणूस भेटला म्हणून त्यांचा माझ्यावर भारी विश्वास. बाकीच्यांचं काम त्या तपासायच्या, माझं कधीच नाही.

घरी मी हे सहज बोलून गेलो. आई चपापली. "मारुतीच्या लेकराला शनवारी अंडं? बेडप्पा. सुम्मने पाप कशाला घेतोस?" आमच्या घरच्या मराठीत 'नको' आणि 'उगाच' हे शब्द फारसे उरलेले नाहीत. खरं तर मी हसायला हवं होतं. आमचं घराणं जुन्या म्हैसूरच्या फौजेतलं, रविवारी मटण ठरलेलं. पण शनिवार आणि श्रावण आम्ही पाळतो. मी शनिवारचं अंडं बंद केलं आणि दोन छोटी येलक्की केळी वाढवली. मग श्रावण लागला, त्यामागून गणपती, मग नवरात्र. दसऱ्यापर्यंत अंडं नाहीच. हरभरे ती वेचून फेकायची, केळी मात्र बकाबका खायची. ते बघून मला बरं वाटायचं.

"अंडं खाते ना, काका?" मॅडम जाता जाता विचारायच्या.

"खाते की," मी म्हणायचो. हे सांगताना जीभ एकदाही अडखळली नाही, याची आजही लाज वाटते.

दसऱ्याच्या सुमारास तिचं पोट गोल झालं. मी कौतुकानं मॅडमना बोलावलं, म्हटलं बघा, कसं बाळसं धरलंय. त्यांनी तिच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. पाठीवरून हात फिरवला तर केस हातात आले.

"हे बाळसं नाही, काका. सूज आहे. हिला प्रथिनं मिळत नाहीत. पण अंडं तर..." आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर सोसलं असतं. "तुम्ही होतात म्हणून मी बघितलं नाही," एवढंच म्हणाल्या.

अंडं पुन्हा सुरू झालं. सूज उतरली, केस आले, पण या पाच वर्षांत अंग काही भरलं नाही. तिच्याबरोबरची पिल्लं टोळीत मिसळली आणि जंगलात गेली. हिला टोळीत घालून पाहिलं, तर चावून हाकलली. आईला मी हे कधी सांगितलं नाही. ती फक्त शनिवार म्हणाली होती, बाकीचे दिवस माझे. माझे उपास मी त्या मुक्या पोरीला पाळायला लावले.

परवा शनिवारी मी तिला अंडं सोलून देत होतो. शहरातल्या गोकुलमहून केंद्र बघायला आलेल्या एक बाई पिंजऱ्यापाशी थांबल्या आणि लाडानं म्हणाल्या, "किती महिन्यांचं पिल्लू हे?"

मी म्हणालो, सहा महिन्यांचं.