काशा मिस्त्रीचा पेला

काशा मिस्त्री पहिल्यांदा आमच्या दारात आला तेव्हा त्याने गाडीकडे पाहिलंच नाही. त्याने पाणी मागितलं. आत्याने तांब्या-पेला पुढे केला. मिस्त्रीने पेला काठोकाठ भरला आणि तोंडाला न लावता तो पिकअपच्या डॅशबोर्डवर नेऊन ठेवला. मग चपला काढल्या, अनवाणी गाडीत चढला, दोन्ही तळपाय खालच्या पत्र्यावर सपाट टेकवले आणि म्हणाला, "चालव."

ते "चालव" त्याने इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे उडाले. काशा मिस्त्री ठार बहिरा होता. लहानपणी तापात त्याचे कान गेले. समोरच्याचे ओठ बघून त्याला बोलणं कळायचं, पण स्वतःचा आवाज केवढा आहे याचा त्याला आयुष्यभर पत्ता लागला नाही. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारे मिस्त्री बोईसरला पुष्कळ होते. काहीही न ऐकता रोग सांगणारा हा एकटाच. आम्ही थक्क होऊन एकमेकांकडे बघत राहिलो, आणि खरं सांगायचं तर मी तोंडावर हात धरून हसत होतो. ते हसू संध्याकाळपर्यंत टिकलं नाही.

गाडीही काही साधी नव्हती. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम संपल्यावर परदेशी कंत्राटदार मागे जे सामान ठेवून गेले त्यातली ती पिकअप. लिलावात माझ्या पार्वतीआत्याने घेतली. स्टिअरिंगचं चाक डावीकडे, आणि क्लचचं पेडलच नाही. गिअर आपोआप पडायचे. पहाटे किनाऱ्यावरून मासळीच्या पाट्या भरायच्या आणि बोईसरवरून पालघरच्या बाजारात पोचवायच्या, हे तिचं काम. ती चालवता यायची फक्त दामूमामाला. मामा माझा सख्खा नव्हे. जव्हारकडचा माणूस, बांधकामावर हीच गाडी चालवायचा. आत्याने गाडी घेतली तेव्हा तो गाडीबरोबरच आला, स्टेपनी येते तसा.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तरची. एका सकाळी ती गाडी अचानक वेड्यासारखी वागू लागली. पहिल्या गिअरमध्येच रेकत राहायची, दुसरा गिअर पडायचं नाव नाही. आणि पडला की मागून कुणी लाथ घातल्यासारखा दणका. पाट्या उलटायच्या, पापलेटं रस्त्यावर. बोईसरचा एक मिस्त्री आला, त्याने अर्धा तास क्लचचं पेडल शोधलं. दुसरा म्हणाला गिअरपेटी खोलू, पण परत जुळेल याची खात्री नाही. तिसऱ्याने सरळ सांगितलं, डायवरनं गिअर खाल्ला, गाडी भंगारात घाला.

"डायवरनं खाल्ला" हे आत्याच्या मनात बसलं. ती दामूमामाला म्हणाली, "शनिवारी चाव्या दे आणि जा."  मामाने अंगणात बसून गाडीचे आरसे पुसले. दोन मुलं, बायको आणि दुसरी कसली कला अंगात नाही. पण जाण्याचं दुःख कमी आणि "तू गाडी मारलीस" हे जास्त लागलं होतं. शुक्रवारी तोच कुठून तरी काशा मिस्त्रीला घेऊन आला.

तर, पेला. मामा चालवत होता, मधे मिस्त्री, खिडकीशी मी. पेल्यातलं पाणी थरथरत होतं. गाडी रेकायला लागली तसा मिस्त्री पुटपुटला, निदान त्याच्या मते पुटपुटला, "आता बदलायला पायजे होता... आता... अजून नाय..." आणि दणका बसला. पाणी उसळून माझ्या पँटवर आलं. मिस्त्रीने सोबत घेतलेल्या तांब्यातून पेला परत भरला. असं चार वेळा. चौथ्यांदा म्हणाला, "दर वेळी सारकंच सांडतंय. मोडलेली वस्तू रोज येगळी वागते. ही मोडलेली नाय. हिची समजूत चुकलीय."

घरी आल्यावर त्याने इंजिन चालूच ठेवायला लावलं आणि गिअरच्या तेलाची पट्टी ओढली. आधीच्या तिघांनी ती इंजिन बंद करून पाहिली होती, कारण आमच्याकडे सगळ्या गाड्यांचं तेल तसंच बघतात. "हिचं चालू असताना बगायचं. माणसाची नाडी मेल्यावर बगतात काय?" असं म्हणून त्याने पट्टीवरचं लाल तेल बोटावर घेतलं, हुंगलं आणि चक्क जिभेला लावलं. आत्याने पदर तोंडाला लावला. "लाल हाय. जळका वास नाय. पोट चांगलं हाय, पार्वतीबाय. पेटी खोलाल तर जित्या माणसाचं पोट फाडाल."

"मग झालंय काय?" आत्या म्हणाली.

"इंजिन गेरला सांगत असतं, आता भार हाय, आता नाय. मग गेर ठरवतो कदी बदलायचं. ते सांगणं बंद झालंय. गेरला वाटतंय आपण कायम भरलेल्या पाट्या घेऊन डोंगर चढतोय, म्हणून हटत नाय." त्याने स्वतःच्या कानावर टिचकी मारली. "गेर बहिरा झालाय. माज्यासारखा."

मग तो गाडीखाली गेला. मी वाकून बघत होतो. गिअरपेटीच्या वर, अंधारात, इंजिनाकडून आलेल्या एका बारीक धातूच्या नळीवर त्याचा हात थांबला. पुढे तिला रबरी नळी जोडलेली असायला हवी होती. ती नव्हती. तिथे लाकडाची खुंटी ठोकलेली होती, वर जाळ्याच्या दोऱ्याने आवळून बांधलेली.

आता माझं हसू गेलं. ती खुंटी माझी होती.

झालं होतं असं. आठवड्यापूर्वी माझ्या होडीच्या इंजिनाची डिझेलची नळी फुटली. वाऱ्याचा दिवस, बाकीच्या होड्या निघालेल्या. गाडीखाली एक वीतभर नळी दिसली. कसल्याच कामाची वाटली नाही. तेल नाही, पाणी नाही, आत नुसती हवा. मी ती ओढून काढली. उरलेल्या तोंडातून फुसफुस यायला लागलं म्हणून खुंटी मारली. गिअर दांड्याने पडतात, हवेच्या नळीने कोण पाडतं? आणि गाडी दणके द्यायला लागली तेव्हाही, शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यात दोन्हींचा संबंध आला नाही. मी चोवीस वर्षांचा होतो, लग्न ठरलेलं होतं, आणि आत्याबरोबर मीही दामूमामाला बोल लावला होता.

काशा मिस्त्री खुंटीची गाठ निरखत होता. जाळं शिवताना मारतात ती गाठ. जव्हारच्या माणसाला ती येत नाही. त्याने गाडीखालूनच मान वळवली, माझ्या डिझेलने काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. खुंटी उपटून मुठीत घेतली आणि बाहेर आला. समोर आत्या, मामा, जमलेली आळी. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि हा बोलला की अणुकेंद्राच्या कुंपणापर्यंत ऐकू जाणार.

"नळी उंदरानं खाल्ली," तो गरजला. "मासळीच्या वासाला आला असंल. डायवरची चूक नाय."

मामाने डोळे पुसले. आत्या त्याला म्हणाली, "चाव्या राहू दे तुझ्याकडंच." मिस्त्री माझ्याकडे वळला. "शेठ, होडीवर डिझेलची एक वीतभर नळी असंल. ती आणा. बसंल."

मी धावत गेलो आणि होडीवरची ती नळी काढून आणली. ती आपल्या जुन्या वाकासकट नेमकी जागेवर बसली. मिस्त्रीने पेला भरून पुन्हा डॅशबोर्डवर ठेवला. पहिला, दुसरा, तिसरा गिअर; पाणी फक्त हललं. मग त्याने ते एका घोटात पिऊन टाकलं आणि पेला आत्याकडून मागून घेतला. जाताना माझ्या खिशात खुंटी सरकवली आणि या एकाच वेळी, कसा कोण जाणे, त्याचा आवाज खरोखर हळू निघाला. "उंदीर गाठ मारत नाय. मामाला तू सांग. मी नाय सांगणार."

मी सांगितलं नाही. आज सांगू, लग्नानंतर सांगू, पोरगा झाल्यावर सांगू. आणि काशा मिस्त्रीने मला सोडलं नाही. बोईसरच्या भर बाजारात, रस्त्याच्या पलीकडून हाक यायची, "काय उंदीरशेठ, बरे हाव ना?" माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर पहिला आवाज त्याचा, "उंदराला बायको मिळाली." बायको अजून विचारते, असं का म्हणाला. दुसरीकडे दामूमामा रोज संध्याकाळी गाडीखाली उंदराचा पिंजरा लावायचा. सुक्या बोंबलाचा तुकडा अडकवायचा, सकाळी रिकामा पिंजरा बघायचा आणि म्हणायचा, "हुशार हाय. पण कदीतरी घावंलच." अकरा वर्षं.

अकराव्या वर्षी काशा मिस्त्री गेला. शेडमध्ये काम करता करता बसला तो उठला नाही. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या बायकोने तोच पेला पाण्याने भरून उशाशी ठेवला होता. चार माणसांनी त्याला उचललं, पाणी हललं नाही. मी पेल्याकडे बघत राहिलो, दुसरीकडे बघवेना.

परत आलो तर दामूमामा नेहमीप्रमाणे गाडीखाली वाकून पिंजरा लावत होता. मी शेजारी उकिडवा बसलो आणि अकरा वर्षं कपाटात ठेवलेली खुंटी त्याच्यासमोर धरली. "मामा, पिंजरा लावू नका," म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

मामाने गाठीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मला वाटलं मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने गाडीखालचा पिंजरा ओढून बाहेर काढला, बोंबलाचा तुकडा नीट अडकलाय का बघितलं, आणि तो माझ्या मांडीवर ठेवला.

"घे," तो म्हणाला. "घरी ने. उंदीर तिकडं हाय."

पिंजरा अजून माझ्या पडवीत टांगलेला आहे. आत ती खुंटी आहे, गाठीसकट.