बंदराची पट्टी

घनसावंगी तालुक्यात गोदावरीकाठच्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठे! तरी नदीला लागून असलेल्या एका शेताला अख्खं गाव 'बंदराची पट्टी' म्हणतं. का म्हणतं ते मला कळेना, आणि एखादी गोष्ट कळली नाही की मला जेवण जात नाही.

शाळेच्या भिंतीवर गावाचा इतिहास-भूगोल रंगवायचा होता. मी पारावर विचारलं. "बंदर म्हंजे माकडं, मॅडम! चिंचा खायला यायची," एकानं सांगितलं. आमच्याकडं बोलण्यात निम्मी हिंदी, त्यामुळं मला बराबर पटलं. स्वतः ब्रश घेऊन लिहिलं, 'इथे पूर्वी माकडे फार होती.'

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक आजी आल्या. नातीनं त्यांना भिंत वाचून दाखवली होती. "मॅडम, माझा बाप माकड व्हता का?"

मी हसले. चुकलंच माझं, त्यांचे डोळे भरले होते. "नावाडी व्हता त्यो. पल्याडची मान्सं कुंभार पिंपळगावच्या बाजाराला त्याच्याच नावंतून यायची. नाव लागायची ती जागा बंदर. पूल झाला, नाव गेली. गावात त्याचं एवढंच राह्यलं व्हतं, त्येबी तुम्ही माकडाला देऊन टाकलं!"

असा राग आला मला माझाच! 'मुंबई हे नैसर्गिक बंदर आहे' म्हणून दरवर्षी पोरांकडून घोकून घेते, आणि गावातलं बंदर मला कळू नये?

संध्याकाळी आजींबरोबर शेतात गेले. कापसाच्या पलीकडं, काठावर एक काळा दगड होता, त्याला खोल खाच. "दोर हितं बांधायचा," त्या म्हणाल्या. खाचेत माझं अख्खं बोट मावलं. किती वर्षं घासला असेल दोर! मंग काय, पूर आला की काय करायचे, जनावरं कशी न्यायचे, मी विचारतच सुटले.

"बैलं मागून पोहायची. जरा दम घ्या की मॅडम!"

दुसऱ्या दिवशी मी माकडं पुसली आणि आजींच्या देखत काळ्या रंगानं नावाड्याचं बंदर लिहिलं. त्यांना वाचता येत नाही. "कुठंशीक हाये बंदर?" म्हणाल्या. मी त्यांचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. रंग ओलाच होता, बोटाला लागला. मी फडकं पुढं केलं तर त्यांनी हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ द्या. नावंला डांबर लावून त्याचीबी बोटं अशीच काळी असायची."